बटू दीर्घिकेतून तारकागुच्छ सुटतो कसा? साताऱ्यात बसून स्वतः हिशेब करण्याची रीत

आपल्या आकाशगंगेभोवती दीडशेहून जास्त गोलाकार तारकागुच्छ फिरतात. प्रत्येकात हजारो ते लाखो म्हातारे तारे दाटीवाटीने बसलेले असतात. यातले बरेच इथे जन्मलेले नाहीत. लहान, बटू दीर्घिका आकाशगंगेच्या तावडीत सापडल्या, त्यांची मोडतोड झाली आणि त्यांच्याकडचे गुच्छ इकडे आले. हे वाक्य आता बहुतेक पुस्तकांत वाचायला मिळतं, पण आख्खा गुच्छ न विस्कटता बाहेर पडतो तरी कसा, हे फारसं कुणी समजावून सांगत नाही. माझ्या मते बारावीचं भौतिकशास्त्र आणि एक स्प्रेडशीट एवढ्यावर हा उलगडा होतो. बी.एस्सी.ची मुलं, विज्ञान शिकवणारे शिक्षक आणि दुर्बीण बाळगणारे आकाशप्रेमी यांच्यासाठी ती रीत इथे देतो.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. गुच्छाला कुणी ढकलून बाहेर काढत नाही. गुच्छ आपल्या जागी फिरत असतो आणि त्याच्या दीर्घिकेची हद्दच आकसत आकसत त्याच्या आत येते. पुढचा सगळा हिशेब या आकसणाऱ्या हद्दीचा आहे.

आधी डोळ्यांनी बघा

कागदावर बसण्याआधी एम ५४ पाहून घ्या. धनू राशीतला हा गुच्छ शार्ल मेसियेने १७७८ मध्ये नोंदवला. पुढे दोनशेहून जास्त वर्षं सगळे त्याला आपल्याच आकाशगंगेचा समजत होते. १९९४ मध्ये इबाता, गिलमोर आणि अर्विन हे आकाशगंगेच्या मध्यफुगवट्याकडच्या ताऱ्यांचे वेग मोजत असताना त्यांना वेगळ्याच वेगाने जाणारा एक घोळका सापडला. ती निघाली धनू बटू दीर्घिका, आणि एम ५४ तिच्या बरोबर गाभ्यात बसलेला आहे. म्हणजे आपण आज पाहायचा गुच्छ अजून त्याच्या मूळ घरात आहे. त्याचे सोबती मात्र बाहेर पडले किंवा पडण्याच्या वाटेवर आहेत.

वेळ निवडताना विचार करा. धनू रास रात्री डोक्यावर येते ती नेमकी पावसाळ्यात, तेव्हा कास, यवतेश्वरच्या पठारावर धुक्याशिवाय काही दिसत नाही. दोन मोसम उपयोगी पडतात. मेच्या पहिल्या आठवड्यात पहाटे साडेचारच्या सुमारास एम ५४ दक्षिणेला सर्वांत उंच, जवळजवळ ४२ अंशांवर असतो. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात संध्याकाळी साडेसातला तो दक्षिण-नैर्ऋत्येला चाळीसेक अंशांवर सापडतो. जागा विचाराल तर मी माण-खटावकडे जाईन. दहिवडी, म्हसवडचा भाग पर्जन्यछायेचा, त्यामुळे परतीच्या पावसातही तिथे आकाश उघडं मिळण्याची शक्यता जास्त, आणि शहराचा उजेडही कमी. चाळकेवाडीच्या पठारावर अंधार चांगला असतो, पण पवनचक्क्यांवरचे लाल दिवे डोळ्यांना त्रास देतात. मे महिन्यात वळवाचे ढग दुपारनंतर चढतात आणि पहाटेपर्यंत बहुधा निवळतात, म्हणून पहाटेची वेळ चांगली. तारीख अमावास्येच्या आसपासची धरा.

उत्तराषाढा नक्षत्राच्या दोन ठळक ताऱ्यांपैकी दक्षिणेकडचा तारा शोधा. त्याच्या पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे, पावणेदोन अंशांवर एम ५४ आहे. पौर्णिमेचे साडेतीन चंद्र ओळीने ठेवले की होईल एवढं अंतर. ५० मिलिमीटरच्या द्विनेत्रीतून तो पुसट ताऱ्यासारखा दिसेल. आठ इंची दुर्बिणीतूनही सुटे तारे दिसणार नाहीत. मध्यभागी लख्ख ठिपका आणि भोवती झपाट्याने विरत जाणारा धुरकट उजेड, एवढंच. लगेच दुर्बीण वळवून त्याच राशीतला एम २२ बघा. त्याचे तारे वाळू सांडल्यागत सुटे दिसतात. एम २२ सुमारे साडेदहा हजार प्रकाशवर्षांवर आहे, तर एम ५४ सुमारे ८७ हजार. आठपट अंतर म्हणजे काय, ते या दोन दृश्यांइतकं दुसरं काही पटवून देत नाही.

मेमध्ये जाणार असाल तर आदल्या रात्री अकराच्या सुमारास दक्षिण क्षितिजावर पंचवीसेक अंशांवर ओमेगा सेंटॉरी हा मोठा गुच्छ बघून ठेवा. त्याच्याकडे शेवटी परत येऊ.

पहिली पायरी: तीन वस्तुमानं, दोन अंतरं

स्प्रेडशीटमध्ये तीन रकाने करा: आकाशगंगा, बटू दीर्घिका, गुच्छ. आकाशगंगेचं वस्तुमान एकच आकडा म्हणून लिहू नका, कारण बटू दीर्घिकेला जाणवतं ते फक्त तिच्या कक्षेच्या आतलं वस्तुमान. आकाशगंगेचा फिरण्याचा वेग बऱ्याच अंतरापर्यंत सेकंदाला २२० किलोमीटरच्या आसपास राहतो. त्यावरून सोपं सूत्र मिळतं: वेगाचा वर्ग गुणिले अंतर, भागिले गुरुत्वस्थिरांक. अंतर किलोपार्सेकमध्ये, वेग किलोमीटर प्रतिसेकंदात आणि वस्तुमान सूर्याच्या पटीत घेतलं तर गुरुत्वस्थिरांकाची किंमत ०.०००००४३ येते. ही एक किंमत वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. एककांचे निम्मे घोटाळे तिथेच थांबतात. एक किलोपार्सेक म्हणजे सुमारे ३,२६० प्रकाशवर्षं.

धनू दीर्घिकेची कक्षा लांबट आहे. ती आकाशगंगेच्या केंद्राच्या जवळ येते तेव्हा अंतर साधारण १६ किलोपार्सेक, लांब जाते तेव्हा ६० किंवा त्याहून जास्त. एका फेरीला सुमारे एक अब्ज वर्षं. वरच्या सूत्रात १६ घातले की आतलं वस्तुमान १८० अब्ज सूर्यांइतकं येतं, आणि ६० घातले की ६७० अब्ज. बटू दीर्घिकेसाठी सुरुवातीला १०० कोटी सूर्य धरा आणि झिजल्यानंतरची अवस्था म्हणून १० कोटी. गुच्छ एक लाख सूर्यांचा घ्या आणि त्याला बटू दीर्घिकेच्या केंद्रापासून ४,००० प्रकाशवर्षांवर ठेवा. हे आकडे सरावासाठी गोल केलेले आहेत.

दुसरी पायरी: हद्द काढा

आकाशगंगा बटू दीर्घिकेच्या जवळच्या बाजूला जास्त ओढते आणि लांबच्या बाजूला कमी. या फरकाला भरती-ओहोटीचं बल म्हणतात. चंद्रामुळे रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जे घडतं तेच इथे. हा फरक जिथे बटू दीर्घिकेच्या स्वतःच्या ओढीला भारी पडतो, तिथे तिची हद्द संपते.

हद्द काढण्याची कृती अशी. बटू दीर्घिकेच्या वस्तुमानाला आकाशगंगेच्या आतल्या वस्तुमानाच्या तिपटीने भागा. आलेल्या संख्येचं घनमूळ काढा. त्याला दोघांमधल्या अंतराने गुणा. काही पुस्तकांत तिपटीऐवजी दुप्पट असते. सपाट फिरणवेगाच्या आकाशगंगेला ती जास्त शोभते आणि उत्तर १५ टक्क्यांनी मोठं येतं. आपल्या निष्कर्षात त्याने फरक पडत नाही.

आता आकडे टाका. १०० कोटींची बटू दीर्घिका लांब, ६० किलोपार्सेकवर असताना हद्द सुमारे १५,५०० प्रकाशवर्षं. तीच १६ किलोपार्सेकवर आली की हद्द ६,४०० वर येते. आपला गुच्छ ४,००० वर आहे, म्हणजे अजून आत आणि सुरक्षित. पण या जवळच्या फेरीत ६,४०० च्या बाहेरचं सगळं सैल झालं, आणि ते मुख्यतः कृष्णद्रव्य, म्हणजे स्वतः न दिसणारं पण ओढ लावणारं द्रव्य असतं, कारण ताऱ्यांपेक्षा त्याचा पसारा कितीतरी मोठा. उसाची ट्रॉली खड्ड्यात गेली की कडेच्या सैल मोळ्या आधी घरंगळतात आणि तळातल्या जागच्या हलत नाहीत, तसंच. म्हणून पहिल्या एक-दोन फेऱ्यांत दुर्बिणीला काहीच बिघडलेलं दिसत नाही, पण वजन मात्र भराभर उतरलेलं असतं.

वस्तुमान १० कोटींवर आलं की पुन्हा तीच कृती करा. लांब असताना हद्द ७,२०० प्रकाशवर्षं, गुच्छ आरामात आत. जवळ आल्यावर हद्द जेमतेम ३,०००. गुच्छ ४,००० वरच आहे, त्याने काहीही केलेलं नाही, तरी आता तो हद्दीबाहेर! स्प्रेडशीटच्या या ओळीवर थोडा वेळ थांबा. वस्तुमानात दसपट घट झाली तरी हद्द फक्त २.१५ पट आकसली, कारण मध्ये घनमूळ आहे. त्यामुळे हे सगळं सावकाश, फेरीगणिक होतं.

तिसरी पायरी: मुक्तिवेग तपासा

दहावीच्या पुस्तकातलं मुक्तिवेगाचं सूत्र इथे जसंच्या तसं चालतं. १० कोटी सूर्यांच्या वस्तुमानापासून ४,००० प्रकाशवर्षांवर, म्हणजे १.२३ किलोपार्सेकवर, मुक्तिवेग येतो सेकंदाला २६ किलोमीटरच्या आसपास. पृथ्वीचा ११.२. आख्ख्या दीर्घिकेतून सुटायला पृथ्वीच्या अडीचपटही वेग लागत नाही. वस्तुमान प्रचंड असलं तरी पसारा त्याहून प्रचंड आहे. बटू दीर्घिकांमध्ये तारे साधारण १० किलोमीटर प्रतिसेकंद वेगाने इकडेतिकडे फिरतात, तर ती दीर्घिका स्वतः आकाशगंगेजवळून जाताना ३०० च्या आसपास वेगाने धावत असते. या तीन आकड्यांचं प्रमाण लक्षात घेतलं की सुटलेला गुच्छ भलतीकडे का भरकटत नाही, ते कळतं: त्याच्या एकूण वेगात मूळ दीर्घिकेचाच वाटा दहा-वीसपट मोठा असतो.

शिवाय सुटायला पूर्ण मुक्तिवेगही लागत नाही. आकाशगंगेच्या बाजूला आणि तिच्या विरुद्ध बाजूला अशा दोन ठिकाणी हद्दीला जणू दारं असतात, आणि तिथपर्यंत पोचण्याइतकी ऊर्जा पुरते. आतल्या दारातून बाहेर पडलेला गुच्छ थोड्या कमी ऊर्जेच्या कक्षेत जातो, त्याची फेरी लवकर पुरी होते आणि तो दीर्घिकेच्या पुढे निघतो. बाहेरच्या दारातून पडलेला मागे रेंगाळतो. ताऱ्यांचंही हेच होतं, म्हणून धनू दीर्घिकेच्या पुढे आणि मागे तारकाप्रवाहाचे दोन लांब फाटे आहेत आणि ते आकाशाला पूर्ण वळसा घालतात.

आणखी एक बारकावा, जो बऱ्याच सोप्या लेखांत सुटून जातो. गुच्छ बटू दीर्घिकेत कोणत्या दिशेने फिरतो यानेही फरक पडतो. दीर्घिका आकाशगंगेभोवती ज्या दिशेने फिरते, त्याच दिशेने तिच्या आत फिरणारे गुच्छ लवकर निसटतात. उलट फिरणारे त्याच अंतरावर असूनही टिकून राहतात. म्हणजे हद्द ही एक रेघ नसून एक पट्टा आहे, आणि आपलं सूत्र त्या पट्ट्याचा मधला अंदाज देतं.

चौथी पायरी: सगळे का सुटत नाहीत?

मग एम ५४ गाभ्यात कसा? याचं उत्तर सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९४३ मध्ये मांडलेल्या गतिक घर्षणात आहे. जड गुच्छ ताऱ्यांच्या आणि कृष्णद्रव्याच्या गर्दीतून जाताना मागे एक दाट शेपूट गोळा करतो. ती शेपूट त्याला मागे ओढते, वेग घटतो, गुच्छ केंद्राकडे बुडतो. गुच्छ जितका जड, तितका लवकर बुडतो, आणि केंद्रापासूनचं अंतर दुप्पट झालं की बुडायचा काळ चौपट होतो.

आपल्या उदाहरणातल्या ४,००० प्रकाशवर्षांवर दहा लाख सूर्यांचा गुच्छ असेल तर त्याला बुडायला एखाद अब्ज वर्षं लागतील. एक लाख सूर्यांच्या गुच्छाला दहा-अकरा अब्ज. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं. म्हणजे जड गुच्छ हद्द आकसण्याआधीच तळाला जाऊन बसतो, आणि हलका बाहेरच फिरत राहतो आणि पुढे सुटतो. एम ५४ दहा लाख सूर्यांपेक्षा जड आहे. टर्झान ७, टर्झान ८ आणि आर्प २ हे त्याचे हलके सोबती धनू दीर्घिकेच्या मुख्य भागाच्या आसपास आहेत, तर पालोमार १२ आणि व्हायटिंग १ प्रवाहात लांब पोचले आहेत. एकाच घराचे हे गुच्छ सुटण्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर आपल्याला एकाच वेळी पाहायला मिळतात, म्हणून शिकायला यासारखं दुसरं उदाहरण नाही.

मात्र चंद्रशेखरांचं सूत्र डोळे झाकून वापरू नका. हार्लो शॅप्ले यांनी १९३८ मध्ये शोधलेल्या फॉरनॅक्स बटू दीर्घिकेत निदान पाच गोलाकार गुच्छ आहेत आणि ते म्हातारे आहेत. साध्या हिशेबाने ते कधीच केंद्रात बुडायला हवे होते. ते अजून बाहेर आहेत. तिथलं कृष्णद्रव्य मध्यभागी टोकदार न होता सपाट पसरलेलं असेल तर घर्षण मंदावतं, हे त्याचं एक स्पष्टीकरण. मला स्वतःला हे कोडं फार मोलाचं वाटतं, कारण न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचा आकार मोजायला ते मोजके गुच्छ उपयोगी पडतात.

पाचवी पायरी: गुच्छ स्वतः टिकतो का?

हीच हद्दीची कृती आता एक पातळी खाली करा: लहान वस्तू गुच्छ, मोठी बटू दीर्घिका. १० कोटींच्या दीर्घिकेत एक किलोपार्सेकवर एक लाख सूर्यांच्या गुच्छाची स्वतःची हद्द येते सुमारे २२५ प्रकाशवर्षं. मग तोच गुच्छ सुटून आकाशगंगेभोवती २० किलोपार्सेकवर फिरतोय असं धरा. आतलं वस्तुमान २२५ अब्ज घेतलं की हद्द येते जवळपास ३४५ प्रकाशवर्षं. बाहेर आल्यावर गुच्छाला उलट जास्त ऐसपैस जागा मिळाली! गुच्छाचा दाट भाग तर काही दशक प्रकाशवर्षांतच मावतो. त्यामुळे घर मोडलं तरी गुच्छ शाबूत राहतो.

सहावी पायरी: संगणकावर चालवून बघा

स्प्रेडशीट जमली की पायथन या संगणकभाषेकडे वळा. गालपाय नावाचं मोफत पॅकेज आहे. ब्राउझरमध्येच पायथन चालवणाऱ्या गुगल कोलॅबवर ते बसतं, म्हणून साधा लॅपटॉप पुरतो. त्यात आकाशगंगेचं तयार प्रारूप मिळतं आणि ओळखीचे गोलाकार गुच्छ नाव टाकून उचलता येतात. ते तयार प्रारूप काहीसं हलकं आहे, लांबच्या कक्षांसाठी त्यातल्या कृष्णद्रव्याच्या भागाचं वजन वाढवून घ्या.

क्रम असा ठेवा. आधी बटू दीर्घिकेची आजची जागा आणि वेग घेऊन कक्षा तीन अब्ज वर्षं मागे चालवा. तिथे तिच्या आत वेगवेगळ्या अंतरांवर, दोन्ही दिशांनी फिरणारे गुच्छ ठेवा. मग दोघांचीही ओढ धरून काळ पुढे सोडा. काळाची पावलं दहा लाख वर्षांहून मोठी नकोत. आणि हे सगळं करण्याआधी आकाशगंगा काढून टाकून फक्त बटू दीर्घिकेत एक गुच्छ फिरवून बघा: त्याची ऊर्जा शेवटपर्यंत तीच राहिली पाहिजे. ती सरकत असेल तर पावलं मोठी आहेत किंवा एककं चुकली आहेत. पुढे जाऊ नका, आधी ते दुरुस्त करा.

हद्द ओलांडली की लगेच ‘सुटला’ असं लिहिण्याची घाई मुलं हमखास करतात. जवळच्या टप्प्यात हद्द आकसते, गुच्छ क्षणभर बाहेर पडतो आणि दीर्घिका लांब गेली की हद्द फुगून त्याला पुन्हा आत घेते. दोन लागोपाठच्या लांबच्या टप्प्यांवरही तो बाहेरच असेल, तरच सुटला म्हणा.

या साध्या प्रारूपात मोठा मॅगेलॅनिक मेघ, म्हणजे आकाशगंगेची शेजारची दीर्घिका, नाही, हे ध्यानात ठेवा. त्याच्या ओढीने धनू प्रवाह वाकलेला आहे. साताऱ्यातून हा मेघ क्षितिजाच्या जेमतेम अडीच अंश वर येतो, त्यामुळे डोंगर आणि धुळीच्या आड तो दिसत नाही. हिशेबात मात्र त्याला जागा द्यावी लागते.

सातवी पायरी: खऱ्या गुच्छाचं मूळ गाव ओळखा

आकाशात एखादा गुच्छ प्रवाहाच्या रेषेत दिसला म्हणून तो तिथलाच ठरत नाही. त्याचं अंतर, आकाशातली जागा, आडवी गती आणि आपल्या दिशेचा वेग हे सगळं जुळायला हवं. डिसेंबर २०१३ मध्ये सोडलेल्या गाया दुर्बिणीने आडव्या गतीचे आकडे इतके नेमके दिले, की २०१८ च्या दुसऱ्या माहितीसंचानंतर हा विषयच बदलून गेला. ही माहिती सर्वांना मोफत खुली आहे. होल्गर बाउमगार्ट यांची गुच्छांची सूचीही इंटरनेटवर मिळते. सुरुवात तिथून करा.

जागेचे दोन, आडव्या गतीचे दोन, अंतर आणि आपल्या दिशेचा वेग, अशा सहाही आकड्यांवरून प्रत्येक गुच्छाची ऊर्जा आणि कोनीय संवेग काढा आणि आलेख मांडा. एका घराचे गुच्छ आकाशात विखुरले तरी या आलेखावर जवळजवळ राहतात. धनू दीर्घिकेची कक्षा आकाशगंगेच्या तबकडीला जवळपास काटकोनात आहे, त्यामुळे तिचे गुच्छ गर्दीतून चटकन वेगळे पडतात.

मग दुसरा आलेख वय आणि लोहाच्या प्रमाणाचा. मोठ्या दीर्घिकेत लोह भराभर वाढतं, बटूमध्ये सावकाश. त्यामुळे लोहाचं प्रमाण सारखं असलेल्या दोन गुच्छांत बटूमधून आलेला गुच्छ तरुण असतो. पालोमार १२ इथे उठून दिसतो: सूर्याच्या साधारण सहाव्या हिश्शाइतकं लोह, आणि वय मात्र इतर गोलाकार गुच्छांपेक्षा काही अब्ज वर्षांनी कमी. त्याच्या ताऱ्यांमधल्या मूलद्रव्यांची ठेवणही धनू दीर्घिकेशी जुळते. कक्षा आणि रसायन दोन्ही एकच गाव सांगत असतील तेव्हा निकाल लिहा. एकच जुळत असेल तर नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवा, एनजीसी २४१९ सारख्या गुच्छांवर अजून वाद चालू आहेत.

आणि तो ओमेगा सेंटॉरी? त्याच्यात लोहाचं प्रमाण वेगवेगळं असलेले तारे एकत्र आहेत, ते साध्या गुच्छात सहसा आढळत नाही. तो आकाशगंगेभोवती बहुतेक ताऱ्यांच्या उलट दिशेने फिरतो. बहुसंख्य अभ्यासकांच्या मते तो एका मोडलेल्या बटू दीर्घिकेचा गाभा आहे. स्प्रेडशीटमध्ये बटू दीर्घिकेचं वस्तुमान फेरीगणिक कमी करत न्या आणि एम ५४ ला केंद्रात ठेवा: काही अब्ज वर्षांनी त्याच्याभोवतीचं सगळं निघून जाईल आणि तोही एकटाच उरलेला असेल. ती शेवटची ओळ भरताना ओमेगा सेंटॉरीचे आकडे शेजारच्या रकान्यात मांडून ठेवा आणि दोन्ही ताडून बघा.